ताईचा एससीसी ६.८ आला, म्हणजे किती वर्षं?

प्रश्न: माझ्या मोठ्या बहिणीला पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तोंडाचा कॅन्सर निघाला आहे. वय ४७. बायोप्सीत ‘स्क्वेमस सेल कार्सिनोमा’. एमआरआयमध्ये गाठ ३.१ सेंटिमीटर, बाजूला पसरलेली नाही, लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) मोठे दिसत नाहीत. डॉक्टरांनी स्टेज १बी२ सांगितली आणि तीन आठवड्यांनी ऑपरेशनची तारीख दिली. रक्तातला एससीसी (स्क्वेमस पेशींच्या एका प्रथिनाची चाचणी) ६.८ आला. दाजींनी मोबाइलवर शोधलं, तर ‘एससीसी वाढलेला असेल तर आयुष्य कमी, १बी२ मध्ये तर फारच’ असं सापडलं. तेव्हापासून ताई एकच विचारते, ‘माझी किती वर्षं राहिली?’ बारा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं, तर ४.१. मधल्या काळात एका ओळखीच्यांनी दिलेला काढा चालू होता. त्यानेच आकडा उतरतोय म्हणून घरात ऑपरेशन महिनाभर थांबवायचं चाललंय. ताईला जुना सोरायसिस आहे. या आकड्याचं नेमकं काय करायचं? ऑपरेशननंतर तो दर महिन्याला तपासायचा का?
– सांगली जिल्ह्यातून एक भाऊ

उत्तर:

आधी तारखेचं बोलू, कारण बाकी सगळं त्यानंतर. ऑपरेशन पुढे ढकलू नका. ३.१ सेंटिमीटरची, आजूबाजूला न पसरलेली गाठ पूर्ण बरी करता येते, आणि ती या अवस्थेत आहे तोवरच एकाच उपचारात भागण्याची आशा असते. काढा आजच बंद करा आणि तो किती दिवस घेतला, त्यात काय होतं, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. काही काढ्यांचा भार यकृतावर आणि मूत्रपिंडावर पडतो. पुढे सिसप्लॅटिन हे केमोचं औषध देण्याची वेळ आली, तर ताईची मूत्रपिंडं धडधाकट असणं फार गरजेचं आहे.

आता ६.८ वरून ४.१. हा उतार आहे असं मानायला काहीच आधार नाही. एससीसी मोजणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या किटमधली अँटिबॉडी वेगळी, त्यामुळे एकाच बाटलीतलं रक्त दोन मशिनांवर लावलं तरी आकडे वेगळे येतात. म्हणून तर नॉर्मलची रेषाही सगळीकडे एक नसते. बऱ्याच लॅब १.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर धरतात, काही २ किंवा त्याहून थोडी वर. दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून ‘कमी झाला’ किंवा ‘वाढला’ म्हणणं म्हणजे एका तराजूवरचं वजन दुसऱ्या तराजूवरच्या वजनातून वजा करणं. इथून पुढे एकच लॅब धरा, शक्यतो जिथे ऑपरेशन होणार त्याच हॉस्पिटलची, आणि रिपोर्टवर मशिनचं किंवा पद्धतीचं नाव छापलं आहे का ते बघा. लॅबने मधेच मशिन बदललं, तर जुन्या आकड्यांशी तुलना तिथेच थांबवा.

या चाचणीत आणखी एक गोम आहे, ती फार जणांना ठाऊक नसते. हे प्रथिन आपल्या कातडीत, घामात आणि थुंकीत भरपूर असतं. नमुना हाताळणाऱ्याने हातमोजे घातले नाहीत, उघड्या नळीवर कुणी बोललं किंवा शिंकलं, तर आकडा खोटा वाढतो. म्हणून अनपेक्षित वाढलेला आकडा आला की पहिलं पाऊल म्हणजे नवा नमुना. उलट दिशेचीही एक चूक होते. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील, तर काही मशिनांवर आकडा खोटा कमी येतो. ताई तशा गोळ्या घेत असेल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा. किती दिवस थांबायचं ते त्यांच्या मशिनवर अवलंबून असतं.

मुळात एससीसी आहे काय? जपानमध्ये काटो आणि तोरिगोए यांनी १९७७ साली पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीतूनच हे प्रथिन वेगळं काढलं. ते कॅन्सरचं खास विष वगैरे नाही. त्वचा, तोंड, अन्ननलिका, पिशवीचं तोंड अशा ठिकाणच्या चपट्या पेशींत, ज्यांना स्क्वेमस पेशी म्हणतात, ते निरोगी माणसातही असतं. फक्त ते पेशीच्या आत राहतं, रक्तात फारसं येत नाही. या पेशींची गाठ वाढली की ते रक्तात झिरपतं. म्हणजे हा आकडा साधारणपणे ‘स्क्वेमस पेशींचा माल किती’ हे सांगतो. गाठ मोठी, खोल गेलेली, किंवा लिम्फ नोडमध्ये पोचलेली असेल तर आकडा वाढण्याची शक्यता जास्त. सुरुवातीच्या स्टेजमध्ये निम्म्याहून जास्त बायकांचा एससीसी नॉर्मलच असतो, म्हणून कॅन्सर शोधायला ही चाचणी निरुपयोगी आहे. ग्रंथीच्या पेशींपासून होणाऱ्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात तो बहुधा वाढतच नाही. ताईची गाठ स्क्वेमस आहे, त्यामुळे चाचणी तरी योग्य निवडली आहे.

आता सोरायसिस. तुम्ही तो पत्राच्या शेवटी एका वाक्यात उरकलात, पण तुमच्या प्रश्नात तो मोठा आहे. सोरायसिसच्या चट्ट्यांमधल्या पेशी हे प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवतात आणि रोग भडकला की रक्तातला एससीसी एकट्या त्यानेच वाढतो. इसब, पेम्फिगस (कातडीवर फोड येणारा आजार) यांतही असं होतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तरी तो वाढतो. तेव्हा ६.८ मधला किती भाग गाठीचा आणि किती चट्ट्यांचा, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. करता येण्यासारखं हे आहे: रक्त दिलं त्या दिवशी चट्टे किती आणि कुठे होते, लालसर-जाड होते की शांत, याची नोंद ठेवा, मोबाइलवर फोटो काढा, आणि सोबत क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट जोडा. ऑपरेशननंतर गाठ गेली आणि आकडा ६ वरून २ वर येऊन तिथेच थांबला, तर ते २ ताईच्या कातडीचे असू शकतात. ती तिची तळरेषा. ही नोंद नसेल तर पुढे त्या २ मुळे स्कॅनमागून स्कॅन होत राहतील.

सोरायसिसच्या औषधांचंही आत्ताच सांगून टाका. मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक इंजेक्शन चालू असेल, तर ऑपरेशनच्या आणि कदाचित केमोच्या डॉक्टरांना ते माहीत असायलाच हवं. मेथोट्रेक्सेट आणि सिसप्लॅटिन दोन्ही मूत्रपिंडावर आणि रक्तपेशींवर ताण आणतात. पण स्वतःहून ते बंद करू नका. त्वचेच्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

दाजींनी वाचलेल्या गोष्टीकडे वळू. त्यात दोन गुंते सोडवायचे आहेत.

पहिला गुंता नावाचा. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या स्टेज ‘फिगो’ ही आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते आणि तिने २०१८ मध्ये त्या बदलल्या. आज १बी२ म्हणजे २ ते ४ सेंटिमीटरची गाठ. २०१८ च्या आधी १बी२ म्हणजे ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ, जिला आता १बी३ म्हणतात. ताईची ३.१ सेंटिमीटरची गाठ जुन्या हिशेबात १बी१ ठरली असती. दाजींनी जे वाचलं ते २०१८ पूर्वीचं असेल, आणि एससीसीवरचं बरंचसं संशोधन तेव्हाचंच आहे, तर ‘१बी२ मध्ये तर फारच’ हे वाक्य ताईबद्दल नव्हतंच. ते तिच्याहून मोठ्या गाठींबद्दल होतं. इंटरनेटवर काहीही वाचताना आधी वर्ष बघा, मग सेंटिमीटर बघा, आणि स्टेजचं नाव सगळ्यात शेवटी.

दुसरा गुंता ‘आयुष्य कमी’ या शब्दांचा. अमेरिकेच्या कॅन्सर नोंदणीतल्या आकड्यांवर नवीन स्टेज तपासून पाहिल्या गेल्या, तेव्हा पाच वर्षांत या कॅन्सरने मृत्यू न आलेल्या बायकांचं प्रमाण १बी१ मध्ये ९७ टक्के, १बी२ मध्ये ९२ टक्के आणि १बी३ मध्ये ८३ टक्के निघालं. म्हणजे १बी२ मध्ये शंभरातल्या आठ गेल्या. आता समजा एखाद्या अभ्यासाने म्हटलं की एससीसी वाढलेला असेल तर धोका दुप्पट. तर आठाच्या जागी पंधरा धरा (हा धोका दर वर्षाचा मोजतात, म्हणून सरळ सोळा होत नाहीत). तिप्पट म्हटलं तर बावीस. तिप्पटीतही शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणी पाच वर्षांनंतर आहेत. शिवाय त्या ९२ मध्ये एससीसी वाढलेल्या बायका आधीच मोजलेल्या आहेत, त्यामुळे हा हिशेब गरजेपेक्षा कडकच आहे. आकडे परदेशातले आहेत आणि आपल्याकडे उपचार अर्धवट सुटण्याचं प्रमाण मोठं आहे, हेही खरं. पण उपचार वेळेवर आणि पुरा होणं हे तुमच्या हातातलं आहे.

धोका खरंच वाढतो का? हो, बहुतेक अभ्यासांत वाढलेला दिसतो. १९९६ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं की ऑपरेशनआधी एससीसी जास्त असलेल्या बायकांत, लिम्फ नोड स्वच्छ निघाले तरीसुद्धा, आजार परत येण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे हा आकडा निव्वळ गाठीच्या आकाराची सावली नाही, त्यात थोडी स्वतःची माहितीही असावी. पण पुढच्या कित्येक अभ्यासांत गाठीचा आकार, खोली आणि लिम्फ नोड एकत्र हिशेबात घेतले की एससीसीचं वजन कमी झालं, काहींत तर उरलंच नाही. म्हणूनच फिगोच्या स्टेजिंगमध्ये त्याला स्थान नाही, आणि ऑपरेशननंतर रेडिएशन द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या प्रस्थापित निकषांतही तो नाही. एका बाईची वर्षं मोजण्याची ताकद या आकड्यात नाही. हे आम्ही धीर द्यायला म्हणत नाही, चाचणीची कुवतच तेवढी आहे.

मग तो ज्याला खरोखर उपयोगी पडतो ते काम कोणतं? आज, ऑपरेशनच्या आधी, एक नेमका प्रश्न विचारण्याचं.

या स्टेजला दोन रस्ते असतात. एक ऑपरेशन, म्हणजे रॅडिकल हिस्टरेक्टॉमी: पिशवी, तिचं तोंड, दोन्ही बाजूंचे आधाराचे धागे, योनीचा वरचा थोडा भाग आणि ओटीपोटातले लिम्फ नोड काढणं. दुसरा रेडिएशन, आजकाल सोबत आठवड्याला एकदा सिसप्लॅटिन आणि शेवटी आतून द्यायची ब्रेकीथेरपी. इटलीत दोन रस्त्यांची समोरासमोर तुलना झाली, तिचे निकाल १९९७ मध्ये आले: पाच वर्षांनी दोन्हीकडे ८३ टक्के बायका जिवंत. पण ऑपरेशनच्या गटात गंभीर त्रास २८ टक्क्यांना, तर रेडिएशनच्या गटात १२ टक्क्यांना. याचं मोठं कारण असं की ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्यांपैकीही ५४ टक्के बायकांना ऑपरेशननंतर पुन्हा रेडिएशन घ्यावं लागलं होतं. ऑपरेशन एकटं सोसतं, रेडिएशन एकटं सोसतं. दोन्ही एकावर एक आले की आतडी, लघवीची पिशवी आणि पायांची सूज यांचा त्रास वाढतो. म्हणून उपचार ठरवताना अनुभवी डॉक्टर मनात हेच तोलत असतात: हिला एकाच उपचारात मोकळं करता येईल का?

इथे एससीसी बोलतो. नेदरलँड्समध्येच २००५ मध्ये छापलेल्या अभ्यासात, जुन्या १बी१ मधल्या, म्हणजे ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या बायकांचं ऑपरेशन झालं. ज्यांचा एससीसी आधी नॉर्मल होता त्यांच्यापैकी १६ टक्क्यांना नंतर रेडिएशनची गरज पडली. ज्यांचा वाढलेला होता त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांना. १६ आणि ५७ मधला फरक मोठा आहे. इतर काही अभ्यासांत एससीसी ४ च्या वर असेल तर लिम्फ नोडमध्ये आजार सापडण्याची शक्यता वाढलेली दिसली. एमआरआय लिम्फ नोडचा आकार बघतो. नेहमीच्या आकाराच्या नोडमध्ये दडलेला छोटा कण त्याला दिसत नाही.

याचा अर्थ ऑपरेशन रद्द करा असा नाही. ताईच्या ६.८ वर सोरायसिसचं सावट आहेच. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: ‘हिचा एससीसी जास्त आहे, सोबत सोरायसिस आहे. ऑपरेशननंतर पुन्हा रेडिएशन लागण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते? त्याआधी पीईटी-सीटी (शरीरभराचा स्कॅन) करून लिम्फ नोड बघायचे का? आणि ऑपरेशनच्या टेबलावर नोडला कॅन्सर लागलेला दिसला तर तुम्ही काय करणार?’ शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. काही ठिकाणी आधी संशयित नोड काढून लगेच तपासतात आणि त्यात कॅन्सर निघाला तर पिशवी न काढता ऑपरेशन तिथेच थांबवून केमो-रेडिएशनकडे वळतात, म्हणजे दोन्ही उपचारांचा पूर्ण मार एकाच शरीरावर पडत नाही. ऑपरेशनमधून बाहेर आल्यावर ‘पिशवी काढलीच नाही’ हे अचानक कळलं तर घरचे हादरतात. आधी बोलणं झालेलं असेल तर ते उपचाराचं पुढचं पाऊल आहे हे समजतं. ऑपरेशन करणारे आणि रेडिएशन देणारे दोघेही एका टेबलावर बसतात असं हॉस्पिटल असेल, तर हा निर्णय सर्वांत चांगला होतो. दुसरं मत घ्यायचं असेल तर आठवडाभरात घ्या, एमआरआयची सीडी आणि बायोप्सीच्या काचा व ब्लॉक सोबत न्या. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही.

ऑपरेशन ठरलं तर ते पोट उघडून की दुर्बिणीतून, हाही प्रश्न आहेच. इतर ऑपरेशनांत दुर्बीण बरी, म्हणून घरचे आग्रह धरतात. या कॅन्सरमध्ये तसं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत झालेल्या चाचणीत साडेचार वर्षांनी आजार परत न आलेल्या बायका उघड्या ऑपरेशननंतर ९६.५ टक्के होत्या आणि दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या ऑपरेशननंतर ८६ टक्के. ३.१ सेंटिमीटरच्या गाठीला पोट उघडूनच रॅडिकल ऑपरेशन करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. टाके मोठे, चार दिवस जास्त पडून राहावं लागेल, चालेल.

ऑपरेशननंतर दीड-दोन आठवड्यांत येणारा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हा खरा कागद. ताईच्या पुढच्या आयुष्याबद्दल एससीसीपेक्षा तो कितीतरी जास्त सांगतो. त्यात या गोष्टी शोधा: किती लिम्फ नोड काढले आणि किती लागलेले निघाले, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का, विशेषतः योनीकडची, बाजूच्या धाग्यांत, म्हणजे पॅरामेट्रियममध्ये, आजार आहे का. या तीनपैकी एका जागी जरी आजार निघाला, तर ऑपरेशननंतर रेडिएशन आणि सोबत केमो दोन्ही लागतात. अमेरिकेतल्या चाचणीत अशा बायकांना नुसतं रेडिएशन दिलं तेव्हा चार वर्षांनी ७१ टक्के जिवंत होत्या, केमोसह दिलं तेव्हा ८१ टक्के. नोड लागलेला निघाला तर स्टेजही बदलून ३सी१ होते. ते वाचून घाबरू नका: गाठ पिशवीच्या तोंडापुरतीच असलेल्या ३सी१ मध्ये, त्याच अमेरिकन नोंदणीनुसार, पाच वर्षांचा आकडा साधारण ७५ टक्के होता.

हे तिन्ही स्वच्छ असले तर उरतात आणखी तीन: गाठीचा आकार, ती किती खोल गेली, आणि छोट्या रक्त-लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का. खोली मिलिमीटरमध्ये आणि ‘वरचा, मधला की खालचा तिसरा भाग’ अशी दोन्ही प्रकारे लिहिलेली हवी. वाहिन्यांत पेशी आहेत आणि गाठ खालच्या तिसऱ्या भागापर्यंत गेली, तर आकार काहीही असो, रेडिएशनचा विचार होतो. वाहिन्यांत पेशी, मधला भाग आणि २ सेंटिमीटर किंवा जास्त आकार, तरीही होतो. वाहिन्या मोकळ्या असतील तर मधल्या किंवा खालच्या भागासोबत आकार ४ किंवा जास्त असावा लागतो. ताईची गाठ ३.१ आहे, म्हणजे तिच्याबाबतीत बहुतेक सगळं वाहिन्यांच्या त्या एका ओळीवर येऊन ठेपतं. रिपोर्टमध्ये ती ओळ नसेल तर लॅबकडून लिहून घ्या. या गटात रेडिएशन दिल्यावर आजार परत येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं होतं.

ऑपरेशननंतर रेडिएशन लागलंच, तर ते कोणत्या तंत्राने देणार हे विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ३०० बायकांवर केलेल्या पार्सर नावाच्या चाचणीचे निकाल २०२१ मध्ये आले. नेहमीच्या तंत्राने तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा गंभीर त्रास ४२ टक्क्यांना झाला, तर रोज चित्र घेऊन नेमकं देण्याच्या आयएमआरटी तंत्राने २१ टक्क्यांना. आजारावरचा परिणाम दोन्हीकडे सारखाच. आपल्याच राज्यात, आपल्यासारख्या बायकांवर झालेलं हे काम आहे, तेव्हा ‘लाईट कुठली का असेना’ म्हणू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घेणार असाल, तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे ऑपरेशनआधीच चौकशी करा की त्यात कोणतं तंत्र बसतं.

आता शेवटचा प्रश्न, दर महिन्याला एससीसी. नको. गाठ पूर्ण निघाली की हे प्रथिन रक्तातून झपाट्याने कमी होतं, काही दिवसांतच. म्हणून एक नमुना ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, दुसरा ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी. पुढे डॉक्टर वापरत असतील तर ठरलेल्या भेटीसोबत: पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. आजार परत यायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो.

यातही अपेक्षा माफक ठेवा. नेदरलँड्समध्ये ऑपरेशन झालेल्या बायकांचा एससीसी नियमित तपासून पाहिला. ज्यांचा आजार परतला, त्यांच्यापैकी फक्त १४ टक्क्यांत तो केवळ एससीसीमुळे आधी कळला, आणि त्याने त्यांचं आयुष्य वाढलं नाही. बाकीच्यांना एकतर त्रास सुरू झाला होता किंवा डॉक्टरांना तपासताना दिसलं होतं. म्हणून भेट चुकवून नुसतं रक्त देणं उपयोगाचं नाही. आतून तपासणी व्हायलाच हवी. आणि ताईने स्वतःकडे लक्ष ठेवायचं: नव्याने रक्त किंवा दुर्गंधी पाणी जाणं, एकाच पायाला सूज, कंबरेतून मांडीच्या मागे उतरणारी आणि रात्रीही न थांबणारी कळ, लघवी कमी होणं, आठवडेच्या आठवडे न जाणारा खोकला. यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, मग एससीसी नॉर्मल असला तरी.

एखाद्या वेळी आकडा वाढलेला आला तर आधी सोरायसिस भडकलाय का बघा, क्रिएटिनिन बघा, आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा द्या. १.२ चा १.७ झाला म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही. सलग दोनदा चढता आला, कातडी शांत आहे, मूत्रपिंड ठीक आहे, मग मात्र स्कॅन करायला लावा. परतलेला आजार ओटीपोटात एकाच जागी असेल आणि आधी रेडिएशन झालेलं नसेल, तर तो बरा करण्याची संधी अजून असते, आणि ती जाऊ द्यायची नाही.

लॅबवाले ‘महिलांचं कॅन्सर पॅनेल’ म्हणून सीए-१२५, सीईए, सीए १९-९, सायफ्रा असं सगळं एकत्र सुचवतील. ताईच्या स्क्वेमस गाठीसाठी त्याची गरज नाही. जितके आकडे जास्त, तितकी एखादा विनाकारण वर येण्याची शक्यता जास्त. तो पैसा पीईटी-सीटीकडे किंवा प्रवासाकडे ठेवा.

आणि ताई जे विचारते आहे त्याचं उत्तर तिला कुणीतरी द्यायला हवं. ‘तू विचार करू नकोस’ म्हणून तो प्रश्न उडवून लावू नका. तिला सांगा की तिच्याएवढ्या गाठीच्या शंभर बायकांपैकी नव्वदीच्या वर पाच वर्षांनी या आजारातून तरलेल्या असतात. तिचा एससीसी थोडी जास्त काळजी घ्यायला सांगतोय, आणि त्यातलं काही तिच्या कातडीचंही असू शकतं. पक्कं बोलता येईल ते ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आल्यावर, साधारण पाच आठवड्यांनी. तोवर तिला डॉक्टरांच्या खोलीत सोबत घेऊन जा. दाजींना आणि तुम्हाला बाहेर बोलावून वेगळं सांगितलं जातंय असं तिला एकदा जरी वाटलं, तर ती पुढे कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. पुढच्या भेटीत प्रश्नांचा कागद तिच्याच हातात द्या.